आजोबांचे जाळे आणि साहेबाचा गळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक मात्र आपणांपुढे ठेवावी, म्हणजे ती दुसऱ्या घरी घडणार नाही, एवढ्याच हेतूने उभे आहोत.

आपण भोई. आपल्या पूर्वजांनी खांद्यावर पालखी वाहिली आणि नदीत जाळे टाकले. पालखीचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. जाळ्याचे नाव निघाले की मात्र विषय बदलतो. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षापर्यंत कधी पडलाच नव्हता.

गेल्या वर्षी वडील निवर्तले. दिवसकार्य उरकल्यावर कामशेतजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा आम्ही भावंडांनी रिकामा केला. त्यात आजोबांच्या दोन वस्तू निघाल्या. एक सागवानी पेटी आणि दुसरे तोंड शिवलेले गोणपाटाचे पोते. पेटीत कापडी पिशवीत गुंडाळलेली तीन तुकड्यांची गळाची काठी, दोरा गुंडाळण्याचे पितळी रीळ, गळांची पत्र्याची डबी आणि चमच्याच्या आकाराचे दोन चकचकीत पत्रे होते. पोत्यात जाळे होते, तांबूस, कडक झालेले आणि उंदरांनी कुरतडलेले.

पेटी पाहून सर्वांस हर्ष झाला. आजोबा लोणावळ्यास साहेबलोकांबरोबर तळ्यावर जात आणि एका मोठ्या साहेबाने ही पेटी त्यांस खूश होऊन बक्षीस दिली, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली होती. ते रीळ दिवाणखान्यात मांडावे असे ठरले. आम्ही स्वतः चिंच आणि रांगोळी घेऊन बसलो व तासाभरात ते सोन्यासारखे लख्ख केले. पोते परसात टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवताना त्यातील जाळे ओढून ओढून आम्ही जळणात घातले.

त्याच वेळी पवन मावळातून आमचे वृद्ध चुलते समाचारास आले. त्यांस आम्ही तात्या म्हणतो. अंगणात पाय ठेवताच त्यांस वास आला. हातातील काठी टाकून त्यांनी बंबाशी धाव घेतली आणि उरलेले जाळे हाताने ओढून काढले. मग ओट्यावर बसून पुष्कळ वेळ ते काही बोललेच नाहीत. अखेर म्हणाले, “पोरा, ते पितळ सायबाचं. तुझ्या आज्याचा हात ह्यात हाय, आन् ह्येच तू चुलीत घातलंस?”

आम्ही खजील होऊन त्यांस पेटी दाखविली. रीळ पाहून ते पुन्हा हळहळले. “ह्ये कुणी घासलं?”

त्या दिवशी तात्यांनी व पुढे पुण्यातील एका जाणकार गृहस्थांनी आम्हांस जे शिकविले, ते थोडक्यात सांगतो. जुने पितळी रीळ काळपट दिसते ते मळामुळेच असे नव्हे. पुष्कळदा कारागिराने मुद्दामच त्यास तो गडद रंग दिलेला असतो, कारण पाण्याकाठी चकाकी नको असते. तो रंग गेला की वस्तूचे वय सांगणारी खूण जाते. आमच्या रिळावर कोरलेली पुसट अक्षरे होती. ती आम्ही चिंचेने आणखी पुसली. अक्षरे राहिली असती तरी ती बनविणाऱ्याचीच असती असेही नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे कारागीर रिळे बनवीत आणि दुकानदार त्यांवर आपले नाव घालीत. ॲनिक येथील हार्डी बंधूंची पेढी 1872 मध्ये निघाली व तिची मोठी ख्याती झाली. परंतु पितळी दिसले म्हणजे हार्डीचेच, असे समजणे म्हणजे प्रत्येक जुन्या तलवारीस भवानी म्हणण्यासारखे आहे.

काठीची ओळख अधिक मौजेची निघाली. ती अखंड वेताची नव्हती. बांबूच्या सहा त्रिकोणी कांबी सरसाने जोडून ती षट्कोनी केलेली होती व जागोजाग रेशमाने बांधलेली होती. तिच्या अंगावर भाजल्याचे डाग होते. अशा काठ्यांसाठी प्रथम हिंदुस्थानातील बांबूच विलायतेस जात असे. तिकडे त्यास कलकत्त्याचा बांबू म्हणत आणि हे डाग ही त्याची एक खूण होय. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. म्हणजे आपल्याच देशातला बांबू समुद्र ओलांडून गेला आणि साहेबाची काठी होऊन मावळात परतला!

डबीतील गळ जाड तारेचे होते. महसीर माशाचे दात जबड्यात नसून घशात असतात व तेथे तो नाजूक गळ चुरडून टाकतो. म्हणून त्याच्यासाठी गळ दणकट लागतो. गळाशी बांधलेला पारदर्शक धागा नायलॉनचा नव्हता. रेशीमकिड्याच्या पोटातील रेशीमग्रंथी ताणून तो करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनने त्यास हटविले. तेव्हा पेटी त्याआधीची, एवढे तरी निश्चित झाले.

आणि बक्षिसाची कथा? तात्यांनी ती एका वाक्यात संपविली. दोन हंगाम आजोबांनी होडी वल्हविली होती. मजुरी थकली होती. साहेब विलायतेस निघाला तेव्हा पैशांऐवजी पेटी देऊन गेला. आजोबांनी त्या काठीने एकही मासा धरला नाही.

मग आम्ही जळके जाळे पुढ्यात घेतले. ते हाताने फेकण्याचे गोल जाळे होते. आता जेमतेम हातभर उरले आहे. सूत कापसाचे, घरी पीळ दिलेले. तांबूस रंग कुजण्याचा नव्हे, तर ऐनाच्या सालीच्या काढ्याचा. पाण्यात सूत टिकावे म्हणून जाळे त्यात उकळीत. काठाला शिशाचे मणी होते, ते आजोबांनी मातीच्या साच्यात स्वतः ओतलेले. पोत्याच्या तळाशी विणण्याची बांबूची सुई आणि एक गुळगुळीत फळकूट निघाले. या फळकुटावर जाळ्याचा आस मोजीत. आम्ही त्यावर बोटे ठेवली तो बरोबर चार बोटे भरली. तात्या म्हणाले, “बारका मासा सुटाया पायजे. त्यो फुडल्या सालचा.” कायद्याने किंवा पुस्तकाने सांगण्याआधी हे शहाणपण त्या फळकुटात होते.

बंधुभगिनींनो, त्या नदीचेही पुढे काय झाले ते आठवावे. 1839 मध्ये कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पुण्याजवळच्या नदीतील महसिरास त्यांनी ‘खुद्री’ हे येथील लोकांच्या तोंडचेच नाव दिले. शास्त्रात ते आजही चालते. ते नाव साईक्स यांस सांगणारे कोण असतील? नदीवर राबणारेच असणार. त्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत. पुढे टाटांची धरणे झाली. 1915 मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि लोणावळा, वळवण, शिरवता येथे तळी पसरली. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून अंडी घालतो. बांधाने त्याची वाट अडते. तो दुर्मिळ झाल्यावर 1970 नंतरच्या दशकात टाटांनीच लोणावळ्यास त्याचे बीज तयार करण्यास आरंभ केला. खुद्री महसीर संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मासा वाचविण्यास कोणीतरी पुढे आले. त्या माशाभोवतीची आपली विद्या वाचविण्यास आपणांवाचून कोण येणार?

आमच्या वडिलांस आम्ही दोष देत नाही. ते शिकले, त्यांनी नोकरी धरली आणि आमच्या शाळेच्या अर्जात ‘धंदा’ या रकान्यात आजोबांपुढे ‘शेती’ असे लिहिले. वर्गात कोणी हिणवू नये म्हणून त्यांनी तसे केले, आणि कोणी हिणविले नाही. परंतु पोत्याचे तोंड शिवून त्यांनी ते माळ्यावर ठेवले, टाकून दिले नाही, हेही विसरता येत नाही. ते शिवलेले तोंड उसवून आत काय आहे ते विचारणे हे आमचे काम होते. आम्ही विचारले नाही आणि बंब पेटविला.

पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू मोठ्या मानाने मांडल्या आहेत. अडकित्ता जर इतिहास सांगतो, तर जाळ्याची सुई का सांगणार नाही?

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, घरी जुने साहित्य निघाल्यास ते घासू नये, धुऊ नये, तेल लावू नये. प्रथम आहे तसे त्याचे छायाचित्र घ्यावे. जाळे घडी घालून दाबून न ठेवता सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे. शिशाचे मणी मुलांच्या हाती वा तोंडी जाऊ देऊ नयेत, कारण शिसे विषारी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांस वस्तूचे नाव विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. वस्तू काही वर्षे थांबेल, पण सांगणारे थांबतीलच असे नाही. पुढील संमेलनात अशा वस्तूंसाठी मंडळाने एक मेज मांडावे. त्यावर पहिली सुई आम्ही ठेवू.

आमच्या दिवाणखान्यात आता रीळ नाही, ते पेटीत परत गेले. भिंतीवर काचेआड हातभर जळके जाळे आहे. नातवंडे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, हा तुमच्या खापरपणजोबांचा धंदा.