घरातलं विमान आणि गावची धावपट्टी



घरात खुर्चीवर बसून विमान चालवायचं, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर विमानातल्या तबकड्या दिसतात, काचेपलीकडे आकाश दिसतं. हातातला दांडा मागं ओढला की विमानाचं नाक वर जातं, पुढं ढकलला की खाली येतं. याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पहिला सिम्युलेटर 1982 साली निघाला, तेव्हा जमीन म्हणजे पडद्यावरच्या चार रेघा होत्या. 2020 साली त्याच नावाची जी आवृत्ती आली, तिच्यात सारी पृथ्वी आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांवरून मांडलेली आहे.

मग आता उणीव कशाची राहिली? खेड्यातल्या धावपट्टीची. मोठ्या शहरांचे विमानतळ कारागीर मन लावून घडवतात, कारण तिथं गिऱ्हाईक आहे. माळावरची, डोंगरातली पट्टी मात्र बहुधा यंत्राच्या अंदाजावर सोडलेली असते. तिथं गवत म्हणजे हिरवा रंग फासलेला कागद, झाडं भलतीच, घरं परक्या वळणाची. ती पट्टी खरी कशी करावी, आणि मुळात का करावी, एवढंच आज सांगायचं आहे.

उदाहरण घेऊ नेपाळातल्या लुक्ला गावाचं. एव्हरेस्टकडे जाणारे लोक इथं उतरतात. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकारानं 1964 साली ही धावपट्टी झाली, आणि 2001 साली तिच्यावर डांबर पडलं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 2,800 मीटर, लांबी अवघी 527 मीटर आणि चढ शेकडा 11.7. म्हणजे पट्टीचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 60 मीटर उंच. वीस मजली इमारतच म्हणा ना! एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर. विमान चढावर उतरतं आणि उतारावरून उडतं. उतरताना चढ त्याला आवरतो, उडताना उतार त्याला वेग देतो.

ही उंची संगणकाला कळते कशी? फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अमेरिकी अंतराळयानानं अकरा दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्यानं जगातल्या सुमारे 80 टक्के जमिनीची उंची मोजली. ती मोजणी आज कोणालाही फुकट मिळते. पण तिच्यात साधारण दर 30 मीटरला एक बिंदू आहे. लुक्लाच्या पट्टीवर लांबीत जेमतेम अठरा बिंदू पडायचे, आणि रुंदीत एखाददुसरा. शिवाय दाट झाडीत रडारला झाडाचा शेंडा कोणता आणि जमीन कोणती, हे नीट उमगत नाही. झाडांची उंची जमिनीच्या हिशेबात शिरते आणि नसलेलं टेकाड उभं राहतं. कचेरीत बसून आणेवारी ठरवावी, तसाच हा प्रकार झाला!

काही जुन्या सिम्युलेटरांत तर विमानतळाची जागा सपाट करूनच मांडावी लागे. आता लुक्ला सपाट केलं, तर त्याचं लुक्लापण उरलं कुठं? आणि हा नुसता शोभेचा प्रश्न नाही, बरं का. चढत्या पट्टीकडे येणाऱ्या वैमानिकाला आपण फार उंचावर आहोत असा भास होतो. म्हणून तो विमान आणखी खाली आणतो, आणि पट्टीच्या अलीकडेच जमीन गाठण्याचा धोका निर्माण होतो. हा डोळ्यांचा चकवा वैमानिकांना मुद्दाम शिकवावा लागतो. पडद्यावरची पट्टी खऱ्यासारखी चढती असेल, तर घरी बसलेल्या मुलालाही तो चकवा समजतो. सपाट असेल, तर मूल खोटा धडा शिकतं, आणि तोही मन लावून शिकतं. शिक्षक बंधुभगिनींना याचा अर्थ अधिक फोडून सांगायला नको.

तेव्हा पहिलं काम चढउताराचं. दुसरं जमिनीच्या रंगाचं. वरून घेतलेलं छायाचित्र एका दिवसाचं, एका घटकेचं असतं. आपल्याकडे जो माळ वैशाखात करपलेला, तोच श्रावणात हिरवागार. कोणत्या ऋतूचा माळ दाखवायचा, हे आधी ठरवावं लागतं. छायाचित्रात सकाळची सावलीही छापली जाते. पडद्यावरचा सूर्य मावळतीला आला की झाडाची दुसरी सावली उलट बाजूला पडते, आणि एकाच झाडाला दोन सावल्या दिसतात. म्हणून जाणता कारागीर छापील सावल्या आधी पुसून घेतो.

गवताची पट्टी कधी एकसारखी हिरवी नसते. विमान जिथं टेकतं तिथं गवत झिजून माती उघडी पडते. कुठं चाकोऱ्या उमटतात, कुठं पाणी साचतं, कुठं आडवी पायवाट जाते. हे न करता गवताचा एकच चौकोन पुन्हा पुन्हा जोडला, तर चिटाच्या कापडावरच्या ठशासारखा तो डोळ्यांत भरतो.

तिसरं काम उभ्या वस्तूंचं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, कडेचे चुना दिलेले दगड, पत्र्याची शेड, आणि पट्टीच्या तोंडाशी असलेलं झाड. ते झाड बाभळीचं की निलगिरीचं, हे ठाऊक हवं, कारण विमानाला त्याच्या डोक्यावरून यायचं असतं. मात्र प्रत्येक वस्तूचा भार संगणकावर पडतो. म्हणून उतरताना नजर जिथं ठरते तिथं मेहनत करावी, लांबच्या कुंपणाच्या तारा मोजत बसू नये.

यासाठी साधनं फुकट आहेत. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी धावपट्ट्या मांडण्याचं वर्ल्डएडिटर नावाचं साधनही विनामूल्य आहे. 2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा तर जगभरचे स्वयंसेवक भरतात, आणि एक्स-प्लेनमधले रस्ते त्यावरूनच घेतलेले असतात. गावचा रस्ता तिथं बिनचूक दाखवला, तर पुढं तो विमानातूनही दिसू शकतो.

आपल्या राज्यात धुळे, कऱ्हाड, यवतमाळ अशा ठिकाणी धावपट्ट्या आहेत. तिथं परवानगीवाचून पाऊल टाकू नये, छायाचित्रही काढू नये. पण सराव शाळेच्या अंगणातूनच सुरू करता येतो. गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी आणि मोजपट्टी घ्या. शाळेसमोरच्या शंभर मीटर रस्त्याचा चढ मुलांकडून मोजून घ्या. कडेला कोणती झाडं आहेत, पावसात पाणी कुठं साचतं, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, हे गुराख्याला, शेतकऱ्याला विचारून वहीत लिहवून घ्या. मग तीच जागा संगणकावर उघडा आणि यंत्रानं काय दाखवलं आहे ते मुलांना ताडून पाहू द्या. चूक सापडली की ती दुरुस्त करायला मुलं आपण होऊन बसतील.