गांडुळें आणि डोंगरी कुरणें

"गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र" हें वाक्य आम्हां शिक्षकांनीं मुलांकडून इतकें घोकून घेतलें आहे कीं, जेथें गांडूळ नाहीं ती भूमि दरिद्रीच, असा सर्वांचा ग्रह होऊन बसला आहे. उत्तर इंग्लंडांतील पेनाइन डोंगरांत हा ग्रह टिकत नाहीं.

या डोंगरांत मूर हाउस नांवाचें एक राखीव क्षेत्र आहे. दुरून पाहणारास तें सारें एकच कुरण वाटतें. जवळ जावें तों निराळाच प्रकार! जेथें चुनखडीचा खडक वर येतो, तेथें गवत आंखूड, दाट व हिरवेंगार; आणि त्याला लागूनच काळी, पाणथळ पीट-माती, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे व वनस्पतींचे हजारों वर्षांत सांचलेले थर. स्वेन्डसेन या संशोधकानें येथील गांडुळांची पाहणी १९५७ सालीं प्रसिद्ध केली. चुनखडीवरील कुरणांत गांडुळें विपुल, जातीहि अनेक. शेजारच्या पीट-मातींत मात्र अगदीं तुरळक. पाऊस तोच, थंडीहि तीच. भेद काय तो मातीचा. चुन्यानें मातीची आम्लता मारली जाते. पीट-माती मात्र अतिशय आंबट, पाण्यानें तुडुंबलेली व हवेला पारखी. माती गिळीत बिळें करणाऱ्या जातींचा तेथें निभाव लागत नाहीं. पृष्ठभागालगत राहणारें इवलेंसें 'डेंड्रोबीना ऑक्टीड्रा' व त्याचे एकदोन सोबती तेवढे तग धरतात.

आणि तेहि कोठें? विशेषेंकरून मेंढ्यांच्या लेंड्यांखालीं! तेथें खणणारास गांडुळें सांपडतील, आणि हातभर अंतरावर खणणारा रित्या हातानें परतेल. दोघेहि खरें बोलतील. म्हणून नेमकें कोठें खणलें हें नोंदविल्यावांचून गांडुळांच्या मोजणीस अर्थ नाहीं. मेंढ्यांना चुनखडीवरचें गवतच अधिक गोड लागतें, त्यामुळें खतहि तेथेंच अधिक पडतें. भरल्या पानांतच पुन्हां वाढप!

मग पीट-माती दरिद्री म्हणावी काय? पाण्यामुळें तेथें कुजण्याची क्रिया मंदावते, आणि खालवर ढवळणारीं गांडुळेंहि नसतात. म्हणूनच मेलेल्या वनस्पतींतील कार्बन हवेंत न जातां जमिनींतच सांठून राहिला आहे. चराई सुधारावी म्हणून ब्रिटनमधील अशा डोंगरांवर विसाव्या शतकांत मैलोगणती चर खणून पाणी काढून देण्यांत आलें. माती सुकली, आणि सांठा झिजूं लागला. आतां ठिकठिकाणीं तेच चर बुजवून पाणी पुन्हां अडविण्याचें काम चाललें आहे.