पटावरचा हत्ती आणि येऊरचा बिबट्या

बुद्धिबळाच्या पटावर हत्तीला एक घर आणि प्याद्यालाही एकच घर. प्रत्यक्षात हत्ती केवढा, प्यादे केवढे! पण पटाला त्याचे काही सोयरसुतक नसते. दिवाळीत आपली मुले किल्ला करतात, त्यातही गुहेतला वाघ कधी मावळ्याच्या दुप्पट असतो, तर कधी त्याच्या गुडघ्याएवढा.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकेक पात्र घेतात आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेतात. या खेळात मात्र आकाराचा चोख हिशेब असतो. प्राण्यांच्या सहा पायऱ्या: इवलासा, लहान, मध्यम, मोठा, प्रचंड आणि महाकाय. माणूस मध्यम, घोडा आणि वाघ मोठे, हत्ती प्रचंड. मध्यम प्राण्याला पाच फूट बाय पाच फुटांचे एक घर, मोठ्याला चार, प्रचंडाला नऊ.

आता तुम्ही म्हणाल, माणूस काय पाच फूट रुंद असतो? नाही. ही जागा त्याच्या देहाची नाही, त्याला हातपाय चालवायला लागणारी आहे. डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ऐन गर्दीत डब्यात एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे सांगितले जाते. त्या हिशेबाने खेळातल्या एका माणसाच्या घरात आपले तीसहून अधिक प्रवासी उभे राहतील. देह मावतात, हात मात्र वर उचलता येत नाही.

ओझ्याचा नियमही गमतीचा आहे. मध्यमच्या वर एकेक पायरी चढली, की ओझे पेलण्याची ताकद दुप्पट धरतात. निसर्ग इतका उदार नाही. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिले होते, की प्राणी त्याच प्रमाणात दुप्पट उंच झाला, तर वजन आठपट होते, पण हाडाची जाडी, म्हणजे त्याचा छेद, चौपटच वाढतो. म्हणून हत्तीला खांबासारखे पाय लागतात. हरणाचे पाय त्याला पुरणार नाहीत. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये याच विषयावर एक सुंदर निबंध लिहिला.

या खेळातला आणखी एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्यापेक्षा एका पायरीहून अधिक मोठ्या प्राण्याला कवेत धरून जखडता येत नाही. म्हणजे झडप घालण्याआधी समोरचा केवढा आहे, हे पाहावे लागते. बिबट्याही तेच पाहतो. खेळात तो माणसासारखाच मध्यम आहे, आणि प्रत्यक्षातही त्याचे वजन साधारण माणसाइतकेच असते. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. कुत्री, डुकरे अशी आटोक्यातली शिकार शोधतो. पण अंधारात खाली बसलेला किंवा वाकलेला मोठा माणूसही त्याला लहानच दिसतो, आणि एकटे मूल तर लहान असतेच.

येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि इतरांनीही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलमध्ये आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीत बिबट्या शिरला होता. कचरा साठला की कुत्री येतात, कुत्र्यांमागून बिबट्या येतो. तेव्हा कचरा उघड्यावर टाकू नका. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे सोडू नका, सोबत जा, मोठ्याने बोलत चला. समोर आलाच, तर पळू नका, खाली वाकू नका. ताठ उभे राहा, मुलाला उचलून घ्या, त्याच्याकडे पाहत सावकाश मागे सरा आणि त्याला जायला वाट द्या.