जगन्नाथ नांवाचे कांहीं पुरुष

खर्डी सोडून आगगाडी कसाऱ्याकडे निघाली कीं मध्यें उंबरमाळी हें लहानसें स्थानक लागतें. उंबराच्या झाडाचें नांव मिरविणारें हें गांव शहापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. प्रवाशाचें लक्ष तिकडे क्वचितच जातें. कारण पुढें थळ घाट आहे, आणि सदतिसांस एक असा त्याचा चढ पाहण्याची उत्सुकता अधिक. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५३ मध्यें ठाण्यास, १८५५ मध्यें वाशिंदला आणि १८६१ च्या आरंभीं कसाऱ्यास पोहोंचला. उंबरमाळीच्या शिवारांतून रूळ गेले त्यास दीडशेंहून अधिक वर्षें झालीं.

शेजारीच मुरबाड तालुका. कल्याणहून जुन्नरकडे जाणारी प्राचीन व्यापारी वाट याच तालुक्यांतून नाणेघाट चढून जात असे. आणि आगगाडीच्या अगदीं प्रारंभींच्या योजनांत त्याच बाजूच्या माळशेज घाटाचें नांव होतें. पुढें पाहण्या झाल्या, माळशेज मागें पडला, थळ आणि बोर हे दोन घाट निवडले गेले, आणि लोहमार्ग मुरबाडला बाजूस ठेवून उंबरमाळीवरून वर गेला. योग असा कीं, हा मार्ग व्हावा म्हणून ज्या एतद्देशीय गृहस्थांनीं आरंभापासून खटपट केली त्यांत अग्रगण्य असलेले जगन्नाथ शंकरशेट यांचें घराणें मूळचें मुरबाडचें.

त्यांचें 'जगन्नाथ' हें नांव पुष्कळांच्या ध्यानांतहि नसतें. वडील माणसाचें खरें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं ही आपली घरगुती रीत. त्यामुळें ते साऱ्या मुंबईचे 'नाना' झाले. नांव मात्र मोठें अर्थपूर्ण आहे. जगन्नाथ म्हणजे पुरीचा देव. बलभद्र आणि सुभद्रा या भावंडांसह लांकडाच्या मूर्तींत वसणारा आणि आषाढांत रथांतून बाहेर पडणारा. त्या अवजड रथामुळें इंग्रजी भाषेंत 'जगरनॉट' असा एक शब्द रूढ झाला, आणि चिरडीत जाणारी कोणतीहि प्रचंड शक्ति असा त्याचा अर्थ ठरला. ज्याला आपण जगाचा नाथ म्हणतों त्याचें परक्या कोशांत असें रूपांतर व्हावें, ही भाषांची गंमत आहे. पण भाषांचा हा प्रश्न या नांवाशीं निराळ्याच प्रकारें जडलेला आहे. जगन्नाथ नांवाच्या नामांकित पुरुषांचीं चरित्रें एकमेकांशेजारीं ठेवलीं तर बहुतेकजण दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे असलेले दिसतात. एका भाषेंतली विद्या दुसरींत न्यावी काय, आणि नेली तर कोणासाठीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें आला, आणि त्यांचीं उत्तरें निरनिराळीं आहेत. हा कांहीं नांवाचा प्रभाव नव्हे. पण तुलनेला त्यामुळें सोय होते.

पुरीच्याच परिसरांतले जगन्नाथदास हे चैतन्यप्रभूंचे समकालीन. त्यांनीं श्रीमद्भागवत ओडिया भाषेंत आणलें. आईला तें समजावें म्हणून त्यांनीं हें काम हातीं घेतलें, अशी आख्यायिका आहे. नऊ अक्षरांच्या सोप्या चरणांत रचलेला हा ग्रंथ ओडिशांत इतका रुजला कीं, तो वाचण्यासाठीं गांवोगांव स्वतंत्र भागवतघरें उभीं राहिलीं. आपल्याकडे एकनाथांनीं जें केलें त्याच जातीचें हें कार्य होय.

त्यांच्यानंतरचे जगन्नाथ पंडित अगदीं दुसऱ्या टोकाचे. मूळचे तेलंग ब्राह्मण, राहिले शहाजहानच्या दरबारीं, आणि 'पंडितराज' ही पदवीहि त्या बादशहानेंच दिलेली. दरबाराची भाषा फारसी. पण पंडितराजांनीं लिहिलें तें संस्कृतांत. 'रसगंगाधर' या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत त्यांनीं दुसऱ्या कवीचें एकहि पद्य उदाहरणादाखल घेतलें नाहीं. सगळीं स्वतःचींच दिलीं, आणि तसें अभिमानानें सांगितलेंहि. अप्पय्य दीक्षित आणि भट्टोजी दीक्षित यांच्यासारख्यांवर त्यांनीं जी झोड उठविली ती शास्त्रार्थाची मर्यादा सोडून गेली आहे, असेंच म्हणावें लागतें. एका यवनीशीं त्यांचें प्रेम जमलें, काशीच्या पंडितांनीं त्यांना वाळींत टाकलें, आणि 'गंगालहरी'च्या एकेका श्लोकाबरोबर गंगा घाटाची एकेक पायरी चढून आली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती इतिहास म्हणून टिकत नाहीं. गंगालहरी मात्र टिकली, आणि ज्येष्ठांतल्या दशहऱ्यांत महाराष्ट्रांतल्या देवळांतून ती म्हटली जाते.

तिसरे जगन्नाथ हे 'सम्राट' या उपपदानें ओळखले जातात. ते महाराष्ट्रीय होते असें सांगतात. त्यांचा आश्रयदाता आमेरचा राजा सवाई जयसिंह. पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंह तो हा नव्हे, हा त्याचा वंशज. एकाच नांवाच्या या दोघांनीं पुष्कळ विद्यार्थ्यांना परीक्षेंत चकविलें असेल. सवाई जयसिंहाला ज्योतिषाचें वेड. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा आणि काशी येथें त्यानें वेधशाळा बांधल्या. आपल्या पंचांगांचीं गणितें आकाशाशीं जुळत नाहींत, तेव्हां ग्रीक, अरब आणि युरोपीय लोकांनीं काय केलें आहे तें पाहिलें पाहिजे, ही त्याची दृष्टि. या कामासाठीं जगन्नाथ सम्राटांनीं अरबी आणि फारसी या भाषा आत्मसात् केल्या आणि दोन थोर ग्रंथ संस्कृतांत आणले. एक टॉलेमीचा, तो 'सम्राट्सिद्धान्त' या नांवानें. दुसरा युक्लिडचा, तो 'रेखागणित' या नांवानें, पंधरा अध्यायांत. युक्लिडनें लिहिलें ग्रीकांत, तेराव्या शतकांत नसीरुद्दीन तूसीनें त्याची अरबी आवृत्ति सिद्ध केली, आणि तिच्यावरून अठराव्या शतकांत हा संस्कृत ग्रंथ झाला. आपल्याकडे मुख्यतः नियम सांगावा आणि उदाहरण द्यावें अशी गणिताची रीत रुळलेली. थोडीं तत्त्वें गृहीत धरून पायरीपायरीनें सिद्धान्तावर चढण्याची ही युक्लिडची शिस्त पंडितांना नवी होती.

या ग्रंथाचा उपोद्घात मात्र मोठा विचार करावयास लावणारा आहे. हें शास्त्र ब्रह्मदेवानें विश्वकर्म्याला सांगितलें, पुढें तें लुप्त झालें, आणि जयसिंहाच्या आज्ञेनें आपण तें पुनः प्रकट करीत आहों, असें ग्रंथकार म्हणतो. ज्यानें मूळ अरबी ग्रंथ ओळ न् ओळ वाचला त्याला तो कोठून आला हें ठाऊक नव्हतें काय? पण परकी विद्या पंडितांच्या पंक्तीस बसवावयाची तर तिला सोंवळें नेसविणें भाग होतें. त्याबद्दल सम्राटांना दोष देणें सोपें आहे. आजहि परदेशांतून आलेली एखादी गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊकच होती असें म्हटल्याशिवाय ती न स्वीकारणारे लोक कमी नाहींत. इतकें करूनहि ग्रंथ पोथ्यांतच राहिला. मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत तो १९०१-०२ मध्यें छापला गेला तेव्हां मुंबई इलाख्याच्या शाळांतून युक्लिड इंग्रजीवाटे येऊन कितीतरी वर्षें लोटलीं होतीं.

बंगालांतले जगन्नाथ तर्कपंचानन हुगळीकांठच्या त्रिवेणीचे. शंभरी ओलांडलेले प्रचंड विद्वान्. कंपनी सरकारला हिंदूंचे दावे हिंदूंच्या कायद्यानें चालवावयाचे होते, आणि न्यायाधीशांना संस्कृत कळत नव्हतें. सर विल्यम जोन्स यांच्या योजनेवरून तर्कपंचाननांनीं 'विवादभङ्गार्णव' हा संग्रह सिद्ध केला. जोन्स १७९४ मध्यें वारले. कोलब्रुक यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. येथें विद्येचा प्रवास उलट दिशेनें झाला. ती संस्कृतांतून निघून राज्यकर्त्यांच्या भाषेंत गेली, आणि ज्यांचे दावे होते त्या कुळांना, विधवांना, धाकट्या भावांना पूर्वीं संस्कृत कळत नव्हतें तें आतां इंग्रजीहि कळेना.

महाराष्ट्रांत हा प्रश्न ऐरणीवर आला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तेथें दोन जगन्नाथ भेटतात. जगन्नाथशास्त्री क्रमवंत हे १८२९ मध्यें निघूं लागलेल्या शास्त्रीमंडळाच्या मराठी कोशाचे एक प्रमुख कर्ते. मराठी शब्दांचा अर्थ मराठींत सांगणें ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हां ती नवी होती. त्याच मंडळींत वावरणारे जॉर्ज जर्व्हिस यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार केलीं. म्हणजे सम्राटांनीं संस्कृतांत बांधलेली शिदोरी येथें शाळेंतल्या मुलापुढें सुटली.

या सर्व उद्योगाला नाना शंकरशेटांचें पाठबळ होतें. त्यांचा जन्म १८०३ चा. वडील १८२२ मध्यें वारले आणि विशीच्या आंतच पेढीचा भार त्यांच्यावर पडला. १८४५ च्या सुमारास लोहमार्गाची चळवळ सुरू झाली तींत ते आणि सर जमशेटजी जिजीभाई पुढें होते. १८५२ च्या ऑगस्टांत बाँबे असोसिएशन निघाली तींतहि नाना होतेच. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्यावर सरकारचा संशय आला आणि तो निराधार ठरला; १८६२ मध्यें ते कायदे कौन्सिलांत बसले. चरित्रकार या गोष्टींवर अधिक भर देतात. पण त्यांच्या आयुष्यांतला कसोटीचा प्रसंग बहुधा १८४७ चा होय.

शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह असा कीं, पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर खर्चावा. विद्या मग खालीं झिरपेल. जर्व्हिस यांनीं विरोध केला. मंडळांत तिघे एतद्देशीय सभासद होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मक्बा. हिंदू, पारशी आणि मुसलमान असे हे तिघेहि जर्व्हिस यांच्या बाजूनें उभे राहिले. नानांना इंग्रजी उत्तम येत होतें, इंग्रजीपासून त्यांचा स्वतःचा लाभच होता, आणि तें शिकूं नये असें त्यांचें म्हणणें मुळींच नव्हतें. लोकांमध्यें ज्ञान पसरावयाचें असेल तर तें त्यांच्या भाषेंतूनच पसरेल, एवढेंच त्यांनीं लेखी मांडलें. इंग्रज सरन्यायाधीशासमोर, सरकारी मंडळांत, एका व्यापाऱ्यानें हें म्हणणें सोपें नव्हतें. सरकारनें १८४८ मध्यें कोणत्याच पक्षाला निर्विवाद कौल दिला नाहीं. पुढें महाविद्यालयांत इंग्रजी आणि खेड्यांच्या शाळांत मराठी अशी जी वांटणी झाली, तिच्या मुळाशीं हा अनिर्णीत वाद आहे.

नानांनीं सरकारच्या उत्तराची वाट पाहिली नाहीं. मुलींच्या शाळांना लोक नांवें ठेवीत असतांना १८४९ च्या सुमारास त्यांनीं आपल्या वाड्यांत मुलींच्या शाळेला जागा दिली, आणि त्या शाळेंत शिकावयाचें होतें तें मराठींतूनच.

३१ जुलै १८६५ रोजीं ते वारले. त्याच वर्षीं थळ घाटाचा मार्ग खुला होऊन गाडी उंबरमाळीवरून थेट इगतपुरीपर्यंत जाऊं लागली होती. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली, ती संस्कृतांत पहिला येणाऱ्यासाठीं. मराठीसाठीं झगडलेल्या पुरुषाचें नांव असें संस्कृताशीं जोडलें गेलें, आणि पिढ्यान् पिढ्या हुशार मुलगा म्हणजे 'जगन्नाथ शंकरशेट मिळविलेला' असें घरोघर बोललें जाऊं लागलें. १९१२ मध्यें ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांस मिळाली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या याच देशमुखांनीं पुढें कालिदासाचें मेघदूत मराठींत आणलें.