न लढणारा सेनापती : सॅम ह्यूस्टन

(वसंत व्याख्यानमालेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून. श्रोत्यांचे प्रतिसाद कंसात दिले आहेत.)



पत्रिकेत विषय छापलाय, 'सॅम ह्यूस्टन : सरहद्दीवरचा सैनिक आणि राजकारणी'. मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, ह्यूस्टन म्हणजे आमचा पुतण्या राहतो तेच ना? (हशा) होय, तेच. त्या शहराला ज्याचं नाव दिलंय, तो हा माणूस. त्याचं चरित्र मी क्रमाने सांगत बसणार नाही. १७९३ साली व्हर्जिनियात जन्म, पुढे टेनेसीत वाढला, दुकानात बसायचा कंटाळा आला म्हणून सोळाव्या वर्षी घरातून पळून चेरोकी लोकांत जाऊन राहिला, त्यांच्या प्रमुखाने त्याला मुलगा मानलं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. नसेल तर शेजारच्याला विचारा. त्यालाही नसेल. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे की हा माणूस मोठा ठरला तो लढाया टाळून. सैन्य 'चला' म्हणत असताना 'अजून नाही' म्हणणं, यासारखं कठीण काम सेनापतीला दुसरं नाही. हे मी गेली कितीतरी वर्षं सांगत आलोय. घरातले लोक आता उठून जातात. तुम्ही दारं लावून घेतलीत, बरं केलंत. (हशा)

तो भित्रा होता असं कुणी समजू नये. १८१४ साली हॉर्सशू बेंडच्या लढाईत, जनरल जॅक्सनच्या हाताखाली, त्याच्या मांडीत बाण घुसला. तो उपसून काढायला लावला आणि त्याच दिवशी पुन्हा पुढे गेला, तेव्हा उजव्या खांद्यात दोन गोळ्या. ती जखम जन्मभर पुरती भरली नाही. संतापीही होता. १८३२ साली वॉशिंग्टनच्या रस्त्यात त्याने एका काँग्रेस सदस्याला हातातल्या काठीने बडवून काढलं. तोवर तो स्वतः काँग्रेसमध्ये बसून, टेनेसीचा गव्हर्नर होऊन, लग्न अवघ्या अकरा आठवड्यांत मोडल्यावर राजीनामा देऊन, पुन्हा चेरोकींत जाऊन, दारूत बुडून वर आला होता. आयुष्य किती भरलेलं आहे बघा, मी एका वाक्यात उरकलं.

आता १८३६. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग. २ मार्चला तिथल्या वसाहतवाल्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. तो ह्यूस्टनचा त्रेचाळिसावा वाढदिवस. ६ मार्चला मेक्सिकोचा सेनानी सांता आना याने अलामोचा किल्ला घेतला. आतले जवळपास दोनशे लढवय्ये कापले गेले. टेक्ससला जाऊन आलेल्या आपल्या नातेवाइकांचे फोटो अलामोसमोरचे असतात. पण टेक्ससच्या सैन्याचा सेनापती झालेल्या ह्यूस्टनचं जानेवारीतच मत होतं की अलामो पाडावा आणि तोफा घेऊन मागे यावं. ते कुणी ऐकलं नाही.

११ मार्चला तो गोन्झालेसला पोचला, तेव्हा त्याच्या हाती पावणेचारशे माणसं होती. कवायत नाही, शिस्त नाही. अलामोची बातमी आली तशी त्याने गाव जाळलं आणि सैन्य मागे घेतलं. कोलोरॅडो नदी ओलांडली, मग ब्राझोस. पाऊस, चिखल आणि मागे धावणारी सगळी वस्ती, बायकामुलं, गुरं. २७ मार्चला गोलियादला साडेतीनशेच्या आसपास कैदी सांता आनाच्या हुकुमाने गोळ्या घालून मारले. तरीही हा मागेच. दोन कप्तानांनी यापुढे हटणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना त्याने नदीच्या उतारावर पहारा देत ठेवलं, म्हणजे भांडणही मिटलं आणि पहाराही झाला. नव्या सरकारचा अध्यक्ष बर्नेट, त्याने पत्र लिहिलं की शत्रू तुम्हाला हसतोय, लढा. हे सरकारही पळतच होतं, ही गोष्ट वेगळी. (हशा)

ब्राझोसकाठी ग्रोसच्या मळ्यावर त्याने दोन आठवडे नुसती कवायत करवली. तिथे सिनसिनाटीच्या लोकांनी पाठवलेल्या दोन तोफा मिळाल्या. या तोफा ओढायला बैल हवे होते. पमेलिया मान नावाच्या बाईंकडून मागितले. बाई म्हणाल्या, नाकोग्डोचेसच्या रस्त्याने जाणार असाल तर न्या. म्हणजे पूर्वेला, सुरक्षित बाजूला. रस्त्याला फाटा फुटला आणि सैन्य हॅरिसबर्गच्या दिशेने वळलं. म्हणजे शत्रूकडे. एका सैनिकाने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात हा प्रसंग आहे. बाई घोड्यावर बसून आल्या, सोबत पिस्तुलं, हाती सुरा. जनरल, तुम्ही मला फसवलंत. माझे बैल द्या. ह्यूस्टन म्हणाला, बाई, बैलांशिवाय तोफा हलायच्या नाहीत. बाई म्हणाल्या, तो तुमचा प्रश्न. कातडी दोर सुऱ्याने कापला आणि बैल हाकत चालत्या झाल्या. (मोठा हशा, टाळ्या) ऐका, संपलं नाही. गाड्यांवरचा मुकादम मागे धावला, बैल आणतोच म्हणून. रात्री परत आला तो बैलांशिवाय, आणि सदराही फाटलेला. (हशा) आणि सेनापतीने काय केलं? घोड्यावरून उतरला, गुडघाभर चिखलात पाय रोवून तोफेच्या चाकाला खांदा लावला. खांदा. तो न भरलेला.

...हो, चिठ्ठी मिळाली. अध्यक्ष महाराजांनी 'दहा मिनिटे' लिहिलंय. बैलांनी वेळ खाल्ला. (हशा)

तर २१ एप्रिल, सॅन जॅसिंटो. दुपारी साडेतीन-चारचा सुमार, मेक्सिकन छावणी विसावलेली. परतीचा पूल आधीच तोडून टाकलेला. नऊशेच्या वर माणसं घेऊन त्याने हल्ला केला. लढाई अठरा मिनिटं. मेक्सिकोचे सहाशेतीस मेले, सातशेतीस पकडले गेले. याचे गेले नऊ. त्या अठरा मिनिटांनंतर मात्र बराच वेळ कत्तल चालली, ती त्याला आवरता आली नाही. दुसऱ्या दिवशी सांता आना साध्या शिपायाच्या कपड्यांत सापडला. सगळ्यांना त्याला झाडाला टांगायचं होतं. घोट्यात गोळी बसलेला ह्यूस्टन ओकच्या झाडाखाली पडला होता. तो म्हणाला, नाही. मेलेला सांता आना सूडाच्या कामाचा, जिवंत सांता आना राजकारणाच्या. त्याच्याच सहीने उरलेलं मेक्सिकन सैन्य माघारी गेलं.

आपल्याकडे बघा. पानिपत म्हटलं की आपल्याला हुंदका येतो. पुरंदर म्हटलं की आपण विषय बदलतो. तेवीस किल्ले दिले गेले आणि त्यातून राज्य वाचलं, हे... (मागच्या बाजूला कुजबुज) नाही, नाही, मी तुलना करत नाहीये. महाराज कुठे आणि हा कुठे. बसा हो. मी एवढंच म्हणतोय की आपल्या पाठ्यपुस्तकात मागे येण्याचा धडा कमी आहे. ठीक, पुढे जातो.

समोर एका ताईंनी हात वर केलाय. गुलामांचं काय? होय. ह्यूस्टनच्या घरी गुलाम होते, मरेपर्यंत. ते झाकून मी त्याला देवघरात बसवणार नाही. आणि ज्या चेरोकींनी त्याला वाढवलं, त्यांना टेक्ससमध्ये जमीन देण्याचा शब्द तो पाळू शकला नाही. स्वतंत्र टेक्ससचा राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच्यानंतर आलेल्या लामारने १८३९ साली त्यांना हाकलून लावलं, त्यांचा वृद्ध प्रमुख मारला गेला. हे सगळं खरं धरूनच पुढचं ऐका.

टेक्सस १८४५ मध्ये अमेरिकेच्या संघराज्यात आलं. हा तेरा वर्षं सिनेटर. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याविरुद्ध त्याने मत दिलं, तेव्हा दक्षिणेतले त्याचेच लोक उलटले. तरी १८५९ साली तो गव्हर्नर निवडून आला. आणि १८६१ मध्ये टेक्ससने संघराज्यातून फुटून निघायचं ठरवलं. अधिवेशनात १६६ विरुद्ध ८. जनतेचा कौल तिपटीने फुटीच्या बाजूने. हा अडुसष्ट वर्षांचा म्हातारा सांगत फिरला होता की उत्तरेशी लढू नका, ते लोक सावकाश पेटतात पण पेटले की थांबत नाहीत. १६ मार्चला नव्या राजवटीची शपथ घ्यायला त्याचं नाव पुकारलं. तो सभागृहात आला नाही. खाली तळघरात चाकूने लाकूड तासत बसला होता, असं सांगतात. पद रिकामं जाहीर झालं, उपगव्हर्नर खुर्चीत बसला.

राष्ट्राध्यक्ष लिंकनने पत्र लिहून सैन्य देऊ केलं होतं. मित्रांना विचारून ह्यूस्टनने ते पत्र जाळलं. स्वतःच्या खुर्चीसाठी टेक्ससच्या लोकांवर बंदुका चालवायच्या नाहीत! पमेलिया मानच्या बैलांपासून लिंकनच्या फौजेपर्यंत, हा माणूस मला एकच दिसतो. (टाळ्या) त्याचा मुलगा त्याचं न ऐकता दक्षिणेच्या सैन्यात गेला, शायलोच्या लढाईत जखमी झाला.

घंटा झाली. बरं. सॅन जॅसिंटोपेक्षा तळघरातली ती सकाळ मला मोठी वाटते. तुम्हाला पटलं नसेल तर प्रश्न लेखी द्या, पण पुरंदरावर नकोत. (हशा) २६ जुलै १८६३ रोजी हंट्सव्हिलला ह्यूस्टन वारला, त्याच्या तीनच आठवडे आधी दक्षिणेचं व्हिक्सबर्ग पडलं होतं. फुटून निघालेल्या टेक्ससला संघराज्यात परत यायला १८७० उजाडलं.