वेलिंग्टन बूट : टिकाऊपणा आणि दुकानदाराचा शब्द



पायांतील रबरी बुटांवर भाषण करावें इतका तो विषय मोठा आहे काय, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. आपण शहरांत राहणारीं माणसें. पावसाळ्यांत फार झालें तर प्लॅस्टिकच्या चपला घालून बाजारहाट करतों. परंतु इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतून जो राहतो, त्याच्या दाराशीं एक वेळ छत्री नसेल, पण गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट नाहींत असें सहसा होत नाहीं. आपण ज्यांना गमबूट म्हणतों त्यांनाच तिकडे वेलिंग्टन बूट, व घरगुती बोलण्यांत नुसतें 'वेली', असें म्हणतात. साधा जोड वीस पौंडांच्या आसपास मिळतो. उंची जोडाला शंभर-दीडशें पौंड पडतात. आणि आंतून चामड्याचें अस्तर लावलेला जोड चारशें पौंडांपर्यंतही जातो. एकाच चिखलांत घालावयाच्या बुटांच्या किंमतींत इतकें अंतर कां असावें, त्या जादा पैशांत नेमकें काय विकत मिळतें, आणि वस्तु बिघडल्यास जबाब कोणीं द्यावयाचा, या तीन प्रश्नांचा आज विचार करूं.

प्रथम नांवाची हकीकत सांगतों. कारण तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रांतून गेलेला आहे. ज्याच्या नांवानें हे बूट ओळखले जातात तो वेलिंग्टनचा पहिला ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली. आजच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व भोसले यांच्या सैन्याशीं ज्याची लढाई झाली, तोच हा सेनापति. पुढें १८१५ सालीं वॉटर्लू येथें त्यानें नेपोलियनचा पराभव केला. त्या काळीं लष्करी अंमलदार हेशियन नांवाचे गोंडे लावलेले उंच बूट वापरीत. वेलस्लीनें लंडनमधील हॉबी नांवाच्या आपल्या चांभाराकडून त्यांतील नक्षी व गोंडे काढून टाकविले आणि पायाला नीट बसणारा साधा बूट करून घेतला. हा बूट अर्थातच चामड्याचा होता.

त्याला रबराचें रूप आलें तें गंधकाच्या योगानें. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत कडक होऊन तडकतें. त्यांत गंधक मिसळून उष्णता दिली म्हणजे हा दोष जातो. या शोधाचें पेटंट इंग्लंडांत टॉमस हॅनकॉकनें १८४३ सालीं मागितलें, व अमेरिकेंत चार्लस गुडइयरला तें १८४४ सालीं मिळालें. हायरम हचिन्सन या अमेरिकन गृहस्थानें पादत्राणांपुरता हा हक्क मिळवून १८५३ सालीं फ्रान्समध्यें कारखाना काढला. १८५६ सालीं एडिंबरो येथें नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतील पाण्यानें शिपायांचे पाय सडूं लागले, तेव्हां सरकारनें या कंपनीकडे बुटांची मोठी मागणी केली. युद्धकाळांत तिनें ११,८५,०३६ जोड तयार केले असा आकडा तिच्या इतिहासांत दिलेला आहे. युद्ध संपल्यावर शेतकरी, गुराखी, शिकारी, बागवान या सर्वांच्या पायांत हे बूट आले, ते आजतागायत आहेत.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. स्वस्त बूट बहुधा पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकचा असतो. सांचांत पातळ केलेला माल दाबून भरला, कीं थोड्याच वेळांत बूट तयार होऊन बाहेर पडतो. उंची बूट नैसर्गिक रबराचा असतो. पायाच्या आकाराच्या सांच्यावर अस्तर चढवून त्यावर रबराचे कापलेले तुकडे हातानें एकावर एक बसवितात, व मग सबंध बूट भट्टींत घालून उष्णतेनें पक्का करतात. हंटर या प्रसिद्ध बुटाच्या एका जोडास असे २८ भाग लागतात. फ्रान्समध्यें १९२७ सालीं स्थापन झालेली ल शामो ही कंपनी तर असें सांगते, कीं तिच्या बुटाचा जोड आरंभापासून अखेरपर्यंत एकच कारागीर करतो. म्हणजे जादा पैशांतील कांहीं भाग मालाचा व कांहीं भाग मजुरीचा आहे. असा बूट पायाबरोबर वांकतो, थंडींत कडक होत नाहीं, आणि दहा तास शेतांत हिंडल्यावरही पोटरीला कांचत नाहीं.

मात्र मऊ व सुखकर वस्तु नेहमींच अधिक टिकाऊ असते असें समजूं नये. नैसर्गिक रबर हें झाडाच्या चिकापासून झालेलें आहे, आणि हवा, ऊन, तेल व उष्णता हे त्याचे चार शत्रु आहेत. हवेंतील ओझोन वायु ताणलेल्या रबराला बारीक चिरा पाडतो. म्हणून बूट प्रथम फुटतो तो घोट्यापाशीं, जेथें पावलागणिक घडी पडते. जितके जोड अधिक, तितक्या सुटण्याच्या जागाही अधिक. गोठ्यांत दूध, चरबी व शेणमूत यांच्याशीं रात्रंदिवस संबंध येत असल्यानें तिकडील अनेक दूधवाले शेतकरी नैसर्गिक रबर सोडून पॉलियुरेथेन या हलक्या पदार्थाचे बूट पसंत करतात. सारांश, कोणत्या कामाला कोणता बूट, हा विचार किंमतीच्या आधीं व्हावयास पाहिजे.

मी जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. तेव्हां एक साधें उदाहरण सोडविल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. वीस पौंडांचा बूट एक वर्ष टिकला, तर वर्षाचा खर्च वीस पौंड. दीडशें पौंडांचा बूट पांच वर्षें टिकला, तर वर्षाचा खर्च तीस पौंड. म्हणजे पांच वर्षें टिकूनही तो महागच पडला. दोन्ही समान होण्यास महाग बूट साडेसात वर्षें टिकला पाहिजे. तो घेणारा मनुष्य पुढील साडेसात वर्षांची किंमत आजच मोजून देतो, आणि त्या बदल्यांत त्याला आज मिळतो तो केवळ एक जोड व एक आश्वासन. तें आश्वासन खोटें ठरलें, तर हिशेबांतील सारा नफा विकणाराचा व सारा तोटा घेणाराचा होतो. म्हणूनच उंची वस्तूच्या बाबतींत विक्रीनंतरची वागणूक ही किंमतीचाच एक भाग समजली पाहिजे.

या संबंधांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अनुभव सांगण्याजोगा आहे. तो यॉर्कशायरांत गुरांचा डॉक्टर आहे. त्यानें तेथील बाजारगांवीं दीडशें पौंडांचे बूट घेतले. पांचव्या महिन्यांत डाव्या बुटाला घोट्यापाशीं चीर पडली. तो दुकानांत गेला; दुकानदारानें सांगितलें, "कंपनीला लिहा." कंपनीला लिहिलें, तिनें छायाचित्रें मागविलीं, तीन आठवडे घेतले, आणि शेवटीं कळविलें कीं शेणांत वापरल्यामुळें बूट फुटला, सबब हमी लागू नाहीं. त्यानें मला पत्रांत लिहिलें होतें, "गुरुजी, जाहिरातींत हाच बूट घातलेला मनुष्य गाईंच्या कळपांत उभा आहे. मग शेण चालत नाहीं हें गाईंना कोणीं सांगावें?" त्याच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी राहतो. त्याचा वीस पौंडांचा बूट त्याच सुमारास फाटला. शेतीच्या सामानाच्या दुकानदारानें तो उलटून पाहिला, एक शब्दही न बोलतां फळीवरून दुसरा जोड काढून दिला, आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या.

माझ्या विद्यार्थ्यानें मग कायदा पाहिला. ब्रिटनमध्यें १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या ग्राहक-हक्कांच्या कायद्यांत मालाच्या गुणवत्तेंत टिकाऊपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या तीस दिवसांत सदोष माल परत करून पैसे मागतां येतात. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागण्याचा हक्क आहे. आणि सहा महिन्यांच्या आंत दोष दिसला, तर तो मूळचाच होता असें धरून चालतात. तसें नव्हतें हें सिद्ध करण्याचा भार विकणारावर पडतो. मुख्य गोष्ट ही, कीं जबाबदारी ज्यानें पैसे घेतले त्या दुकानदाराची आहे. "कंपनीला लिहा" एवढें सांगून त्याला मोकळें होतां येत नाहीं. ही कलमें दाखवून त्यानें दुकानदारास सभ्य भाषेंत पत्र लिहिलें, सोबत पावतीची नक्कल जोडली, आणि आठ दिवसांत त्याला नवा जोड मिळाला.

कंपनीच्या लांबलचक हमीबद्दल आणखी एक सावधगिरीची सूचना. हमी देणारा जितका काळ जगेल तितकीच हमी जगते. एडिंबरोच्या ज्या कंपनीची हकीकत मघां सांगितली, तिच्याच परंपरेंतील हंटर हें नांव पुढें जगप्रसिद्ध झालें. राजघराण्याची सनदही तिला मिळाली होती. तरी २००६ सालीं व पुन्हां जून २०२३ मध्यें तो धंदा कर्जापायीं प्रशासकांच्या हातीं गेला, आणि दुसऱ्या वेळीं नांवाचे हक्क एका अमेरिकन कंपनीनें घेतले. नांव राहतें, माणसें व कारखाने बदलतात. यासाठीं मोठें नांव पाहून निश्चिंत होण्यापेक्षां पावती जपून ठेवणें, हमीच्या अटी आधीं वाचणें आणि तक्रार कोणाकडे न्यावयाची हें खरेदीच्या वेळींच विचारून ठेवणें शहाणपणाचें आहे.

टिकाऊपणाचा अर्धा वांटा वापरणाराच्या हातीं असतो, हेंही विसरतां कामा नये. काम झाल्यावर बूट साध्या पाण्यानें धुवावे. आंतून ओले झाल्यास वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलींत सुकवावे. शेगडीजवळ किंवा उन्हांत ठेवूं नयेत. घडी घालून कोंबूं नयेत. डिझेल, ग्रीस वगैरे लागल्यास ताबडतोब पुसावें, कारण तेलानें रबर फुगतें. विजेच्या मोटारीजवळ ओझोन उत्पन्न होऊं शकतो, म्हणून तेथेंही बूट ठेवूं नयेत. एका पायानें दुसऱ्याची टांच दाबून बूट ओढल्यास जोड उसवतात. त्यासाठीं खांचेची लांकडी फळी मिळते, ती वापरावी. कधीं कधीं रबरावर पांढरट बुरशीसारखी झांक दिसते. ती बुरशी नव्हे. रबरांतील द्रव्येंच पृष्ठभागावर येतात. ओल्या फडक्यानें पुसलें म्हणजे झालें.

आतां शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. इंग्लंडांतील हौशी गृहस्थाचा बूट गळला तर त्याचा मोजा भिजेल. आपल्या कोंकणांत भाताच्या खाचरांत लावणी करणाऱ्या बाईच्या, किंवा मुंबईंत तुंबलेलें गटार उपसणाऱ्या सफाई कामगाराच्या बुटाला चीर पडली, तर त्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पायाच्या लहानशा जखमेवाटे शरीरांत शिरतात. उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा ताप येतो, आणि वेळीं उपचार न झाल्यास प्राणावर बेततो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनें हा अनुभव घेतलेला आहे. शेतांतील घोणसीच्या दंशापासूनही जाड बुटानें पायाचें पुष्कळसें रक्षण होतें. अशा माणसांना गमबूट बहुधा दुसराच कोणीतरी घेऊन देतो : शेताचा मालक, सोसायटी, ठेकेदार अथवा नगरपालिका. घेणारा एक आणि घालणारा दुसरा, म्हणून सर्वांत स्वस्त जोड घेतला जातो. माप पाहिलें जात नाहीं, आणि फुटल्यावर तक्रार करण्यास घालणाराजवळ पावतीही नसते.

आपल्यापैकीं ज्यांची गांवीं शेती आहे, किंवा जे सोसायटीच्या कारभारांत आहेत, त्यांनीं एवढें अवश्य करावें. बूट घेण्यापूर्वीं घालणाराच्या पायाचें माप घ्यावें. पावती मागून ती जपावी. पावसाळा सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक बुटांत पाणी भरून तो गळतो कीं काय तें पाहावें. आणि गळका बूट दुकानदारास परत करावा. आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आहे. सदोष मालाची तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे नेतां येते, आणि १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला मिळतो. माझ्या विद्यार्थ्याला पत्र लिहितां आलें, म्हणून त्याला न्याय मिळाला. ज्याला तें लिहितां येत नाहीं त्याच्या बुटासाठीं तें पत्र आपण लिहावयाचें आहे.