गोळी एक, डॉक्टर दोन
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचने साठी ओलांडली. सकाळी चहाच्या वेळी गप्पा रंगल्या त्याही गुडघे, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्याच! संयोजक म्हणाले, ‘तुझा जन्म औषधांच्या दुकानात गेला, पाच मिनिटं त्यावर बोल.’ म्हणून एकच गोष्ट सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण रात्री ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन घेतात. ही स्टॅटिन गटातली औषधं. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका ती कमी करतात. गोळी चांगलीच आहे. घोळ होतो तो दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशी तिची गाठ पडली की.

गजकर्ण झालं, इट्राकोनॅझोल मिळालं. खोकला हटेना, क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं. ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडली जातात, त्यालाच ही औषधं अडवतात. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण वाढतं. त्यातून स्नायूंना इजा होऊ शकते आणि क्वचित मूत्रपिंडही निकामी होतं. सिम्व्हास्टॅटिन तर या दोन्हींबरोबर घ्यायचीच नसते.

ट्रायग्लिसराइडसाठी दिलं जाणारं जेमफिब्रोझिलही असंच. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध स्नायूंच्या अशाच इजेमुळे २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं. जेमफिब्रोझिल जोडीला असेल तर धोका विशेष होता.

रोसुव्हास्टॅटिनचं उलट आहे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड सोबतच घेतलं, तर औषध रक्तात जवळजवळ निम्मंच पोहोचतं. म्हणून गोळीनंतर २ तासांनी अँटासिड घ्यावं.

मग करायचं काय? आपल्या सगळ्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट एका कागदावर लिहा. चूर्णं, काढेही लिहा. कागद पाकिटात ठेवा आणि दाताचा असो वा त्वचेचा, प्रत्येक डॉक्टरला आधी तो दाखवा. स्टॅटिन काही दिवस थांबवायची, डोस कमी करायचा की दुसरं औषध द्यायचं, हे त्यांना ठरवू द्या. मनाने बंद करू नका. मांड्या-खांदे विनाकारण दुखू लागले, जिना चढवेना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपल्या ग्रुपवर रोज सुप्रभातची फुलं येतात. उद्या त्याऐवजी एकमेकांना विचारा, ‘यादी केलीस का रे?’ पुढच्या मेळाव्याला हजेरीपट सगळा भरलेला हवा.